भुलीला जात नसते, पण भुलीच्या सोयीला?

लेकराला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी आईसमोर संमतीपत्र येते. ती अंगठा उठवते. भूल कोणती देणार, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, हे अक्कलकोट-मोहोळहून सोलापुरात आलेल्या मजूर आईला कोण सांगणार?

हुंगवून द्यायची भूल सरसकट सारखी नसते. 1956 पासून वापरात आलेले हॅलोथेन स्वस्त. पण त्याने मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आणि हृदय ॲड्रेनॅलिनला नको इतके संवेदनशील होते. भूल हलकी पडली, श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साचला, की ठोके बिघडतात. दात काढताना मुलांमध्ये हे विशेष दिसून आले. श्रीमंत देशांनी हॅलोथेन जवळपास सोडले आणि सेव्होफ्लुरेन घेतले. त्यात हा धोका बराच कमी आहे, शून्य नाही.

"मोठ्या लोकांनी सांगितले, म्हणजे सुरक्षितच," असे मानणाऱ्यांनी शेजारच्या हैदराबादचा इतिहास वाचावा. निजामाच्या पैशावर 1888 आणि 1889 मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. श्वास सांभाळा, हृदयाला थेट धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष. 1911 मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली ॲड्रेनॅलिनने हृदय बंद पडू शकते. अधिकार म्हणजे पुरावा नव्हे. कालाम सुत्तात तथागतांनी हेच सांगितले.

म्हणून आपण विचारायचे: भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असतील का? ईसीजी, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे चालू आहेत का? ठोके बिघडल्यास झटका देणारे यंत्र जवळ आहे का? आणि आपणही सांगायचे: मूल कधी बेशुद्ध पडले होते का, स्नायू अशक्त आहेत का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का. याने भुलीची निवड बदलू शकते.

हा डॉक्टरांवर अविश्वास नाही. अपुऱ्या साधनांत राबणाऱ्या डॉक्टरांचीही हीच मागणी असायला हवी. संविधानाच्या 47 व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खटल्यात तातडीचे उपचार वेळेवर मिळणे हे 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्कात मोडते असे सांगितले. पैसे नाहीत, ही सबब त्या न्यायालयाने मान्य केली नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता आणि जीवनात विषमता, ही विसंगती टिकू देऊ नका. ती विसंगती ऑपरेशनच्या टेबलावरही असते. लेकराच्या छातीतला ठोका जात विचारत नाही. मग त्याची राखण खिसा पाहून का व्हावी?

जय भीम!