चेहरा दिसला पाहिजे



भीमजयंतीच्या निमित्ताने आमच्या वस्तीत दर एप्रिलमध्ये मुलामुलींच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा होतात. मैदान म्हणजे भोसरीच्या बाजूला कारखान्यांच्या मागे शिल्लक राहिलेला मुरमाड तुकडा. एका अंगाला कंपनीची पत्र्याची मोठी शेड, दुसऱ्या अंगाला कडुलिंबाची झाडे. काही वर्षांपूर्वी मंडळाने फोटोचे काम आमच्या गळ्यात घातले. पात्रता एवढीच की आमच्याजवळ कॅमेरा होता. दिवसभर उन्हात उभे राहून तीनशेच्या वर फोटो काढले. रात्री घरी येऊन पाहतो तो काय, पन्हळी पत्र्याची घडी न् घडी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि तिच्यापुढे खेळणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. नाक-डोळे काही कळत नव्हते.

विजयी खोखो संघाच्या कर्णधार मुलीचा त्यातल्या त्यात बरा फोटो निवडून आम्ही अभिनंदनाच्या फ्लेक्ससाठी दिला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, उजळ करून देतो." दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. आठवीतली ती मुलगी पिठात बुडवून काढल्यासारखी गोरी! हात मात्र तिचेच राहिले होते. आईला फ्लेक्स आवडला. "बरी दिसतेय की," म्हणाली. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि मग आम्हाला म्हणाली, "काका, ही मी नाही." मैत्रिणींनी तिला आठवडाभर 'गोरी मॅडम' म्हणून चिडवले.

दुकानातल्या पोराला दोष देणे सोपे होते. पण नाक-डोळे नसलेला फोटो त्याच्या हातात आम्हीच दिला होता. त्याने रंग बदलला, आम्ही तर चेहराच पुसला होता. आमच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. कसे दिसत होते म्हणून विचारले की आजी फक्त उंची सांगायची. त्या घरातल्या माणसाने तीनशे फोटो काढावेत आणि एकात चेहरा दिसू नये, हे मनाला फार लागले. नोकरीत आयुष्यभर आकडे जुळवत आलो, तेव्हा हा हिशेब कुठे चुकला ते शोधायला बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. आज मोबाईलमुळे कॅमेरा घरोघरी आहे आणि चूकही घरोघरी तीच होते.

कॅमेऱ्याच्या मीटरला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोरून परत येणाऱ्या उजेडाची तो सरासरी काढतो आणि आत किती उजेड घ्यायचा ते ठरवतो. ही सरासरी मधल्या राखाडी रंगाची धरलेली असते. पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा राखाडी. समोर पत्र्याची शेड चमकत असली की मीटर समजतो, उजेड फार झाला, आणि हात आखडता घेतो. शेड राखाडीच्या जवळ येते, तिच्यापुढची सावळी मुलगी अंधारात जाते. गोऱ्या माणसाचा चेहराही अशा वेळी काळवंडतो, पण नाक-डोळे तरी उरतात. सावळ्या चेहऱ्याजवळ गमवायला तेवढी शिल्लक नसते. उलट मागे दाट झाडी असली तर मीटर उजेड वाढवतो आणि उन्हातला चेहरा पांढराफटक होतो. नवे मोबाईल चेहरा ओळखून सावरून घेतात म्हणे. पण पळणारी मुलगी लांब असली, चेहरा वाटाण्याएवढा असला, की त्यांचेही पुष्कळदा तेच होते.

यंत्राला जात नसते असे आपण म्हणतो. ते बनवणाऱ्यांनी कोणाचा चेहरा समोर धरला होता हे मात्र पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड पुरवीत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की प्रिंट बरोबर. गोरी आणि काळी मुले एकाच फोटोत आली की काळ्या मुलांचे डोळे आणि दात तेवढे उठून दिसत. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली हा इतिहास मांडला आहे. त्यात आम्हाला सर्वांत झोंबलेली गोष्ट अशी की, फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून ज्यांच्या तक्रारीला वजन आले ते चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले होते! वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचे कार्ड निघायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. मोबाईलच्या बाजूने पाहाल तर गूगलने सावळ्या-काळ्या कातडीसाठी कॅमेरा मुद्दाम सुधारल्याचे २०२१ साली जाहीर केले. हा प्रश्न आमच्या कंपाऊंडपुरता नाही, हे कळल्यावर निदान आमची शरम थोडी कमी झाली.

आता उपाय. मोबाईल असेल तर आधी काच रुमालाने पुसा. मग पडद्यावर मुलीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि तसेच दाबून धरा. बहुतेक मोबाईलमध्ये तेवढ्याने माप तिथे पक्के बसते. शेजारी सूर्याचे लहान चिन्ह येते, ते वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. शेड कितीही चमकू द्या, बघायचे चेहऱ्याकडे. बोटांनी ताणून लांबचे जवळ आणू नका, चार पावले स्वतः पुढे जा.

कॅमेरा असेल तर एक जुनी युक्ती आमच्या फार उपयोगी पडली. मुली ज्या उन्हात खेळत आहेत त्याच उन्हात आपला तळहात धरायचा. चौकटीत फक्त तळहात दिसेल इतका कॅमेरा जवळ न्यायचा, आणि मीटर दाखवील त्याच्या दुप्पट उजेड घ्यायचा. चेहऱ्याचा रंग माणसागणिक वेगळा, पण तळहात सगळ्यांचे जवळपास सारखेच उजेड परत फेकतात, म्हणून माप फारसे चुकत नाही. एकदा माप बसले की ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी फिल्मच्या काळापासूनचा पाढा असा: स्वच्छ ऊन, आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. परंतु १/१०० मध्ये चढाई करणाऱ्या मुलाचा हात फरफटल्यासारखा येतो. म्हणून शटर १/८०० करायचे आणि भिंगाचे भोक एफ ५.६ पर्यंत उघडायचे. वेळ आठपट कमी, भोक आठपट मोठे, जमा-खर्च तोच. संध्याकाळी ऊन उतरले की शटर न घटवता आयएसओ वाढवावा. रवाळ फोटो चालतो, पुसट चालत नाही.

पांढऱ्या शर्टाने मात्र आम्हाला रडवले. चेहऱ्यासाठी उजेड वाढवला की शर्टाच्या चुण्या नाहीशा होतात. फिल्मवर जास्तीचा उजेड बराचसा खपून जाई. डिजिटलमध्ये पांढरे झाले ते गेलेच. तेव्हा चेहरा सांभाळून शर्टाची एखादी चुणी दिसत राहील एवढेच वाढवावे. पुढच्या वर्षी मंडळाने निळ्या जर्सी शिवून घेतल्या. निळा रंग घ्यायला आपल्याकडे वेगळे कारण लागत नाही, हे मिळाले ते वरकड.

सगळ्यात मोठा वाद झाला तो वेळेवरून. १४ एप्रिलच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात १३ मेच्या आसपास तर उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. अशा उन्हात कपाळाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि कोणतेही माप लावा, डोळे दिसत नाहीत. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्ती स्थापन केली. त्या वर्धापनदिनाला तिथे दुपारी काढलेले फोटो पाहा, डिसेंबरचे ऊन कलते असते, चेहरे कसे भरून येतात. एप्रिलमध्ये हे ऊन हवे असेल तर दुपार टळायची वाट पाहावी लागते. म्हणून अंतिम सामने साडेचारला ठेवा, असे आम्ही बैठकीत मांडले. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले, "फोटोसाठी सामने हलवायचे? पाहुणे बाराला मोकळे होतात!" आम्ही म्हटले, पाहुणे सावलीत बसतात, पोरे मुरमावर अनवाणी पळतात. शिवाय चाकणच्या कंपन्यांतली पहिली पाळी सुटून बाप लोक घरी येतात तेच चारच्या पुढे. बापांचा मुद्दा चालला. फोटोचा चालला नसता.

त्या वर्षी आम्ही उभे राहायची जागाही बदलली. उतरते ऊन आणि ती शेड, दोन्ही पाठीशी घेतली. समोर कडुलिंबाची झाडे, मुलींच्या तोंडावर ऊन, आणि पाठीमागच्या पत्र्याचा उजेड परतून त्यांच्याच चेहऱ्यावर. ज्या शेडने पहिल्या वर्षी घात केला तिनेच फुकट दिवा धरला. खोखोत खांबाच्या मागे, जरा बाजूला बसावे. पाठलाग करणारी मुलगी सरळ आपल्याकडे धावत येते. तीच कर्णधार, आता नववीत, खांबाला हात घालून वळताना मिळाली. कपाळावरचा घाम, दातांखाली दाबलेला ओठ, सगळे तिचे. रंगही तिचाच.

प्रिंट तिने स्वतः येऊन मागून नेली. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिंतीला लावलेली दिसली. जुना फ्लेक्सही तिच्या आईने टाकलेला नाही. पावसाळ्यात छपराच्या गळक्या पत्र्यावर तो अंथरला आहे, छापील बाजू खाली करून.