गुरूचा विश्वास ओळखावा कसा?

सोनगीरहून धुळ्याला मूल गाणे शिकायला पाठवायचे म्हणजे एसटीचे भाडे, क्लासची फी आणि अभ्यासाच्या बुडालेल्या संध्याकाळी असा सगळा हिशेब घरात मांडावा लागतो. त्यामुळे ‘गळा चांगला आहे’ असे गुरुजी म्हणतात ते मनापासून, की फी चालू राहावी म्हणून, ही पालकांची शंका मला गैर वाटत नाही. तिचे उत्तर मात्र आपण चुकीच्या जागी शोधतो.

पैसे घेतले म्हणजे विश्वास नसणार, हा पहिला गैरसमज. अल्लादियाखाँसाहेबांनी केसरबाई केरकरांना १९२१ साली शिष्या केले ते बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर, कडक अटी घालून आणि भरभक्कम मोबदला ठरवून. पण पुढे तालीम दिली तीही तितकीच भरभक्कम. उलट मोगूबाई कुर्डीकरांचा रियाज सांगलीत कानी पडला, तेव्हा ते आपण होऊन शिकवू लागले. एकीने गुरू मिळवला, दुसरीला गुरूने शोधले. दोघीही थोर गायिका झाल्या. तेव्हा गुरूचे पहिल्या दिवशीचे मत फारसे महत्त्वाचे नाही. महत्त्वाची ती नंतरची तालीम.

शिवाय गळा म्हणजे जन्मतः मिळालेली, कधी न बदलणारी वस्तू नव्हे. खुद्द खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनाने बसला होता. बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी मेहनतीने घडवली आणि तीच पुढे जयपूर घराण्याची ओळख ठरली. असा माणूस शिष्याच्या गळ्याबद्दल घाईने निकाल देईल का?

म्हणून मी पालकांना सांगतो, गुरुजींच्या कौतुकावर जाऊ नका. ते चूक दाखवतात का, ते पाहा. एकच पलटा सुरेल होईपर्यंत पुन:पुन्हा ऐकतात, की ‘वा’ म्हणून पुढे सरकतात? प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांपुरतेच राग घोटून घेतात, की त्यापलीकडचेही काही देतात? वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटला, तर पट्टी बदलून धीराने थांबतात का? आणि आपल्याजवळची विद्या संपली की ‘आता पुढे अमक्यांकडे जा’ म्हणतात का? एक शिष्य कमी होणे ज्याला परवडते, त्याचा विश्वास खरा.

एक गोष्ट आपणही मान्य करावी. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण मैफलीचे गवई होणार नाहीत. ‘तुमची मुलगी मोठी गायिका होईल’ असे भविष्य कोणाही प्रामाणिक शिक्षकाला सांगता येणार नाही. आजच्यापेक्षा ती उद्या अधिक सुरात गाईल, एवढे मानून त्याने रोज मेहनत घेतली, तर आणखी कसला पुरावा हवा? वाटल्यास एखाद्या संध्याकाळी क्लासच्या कोपऱ्यात तासभर गुपचूप बसावे. कान उघडे ठेवले, तर गुरुजींना काही विचारावेही लागणार नाही.