दुकानाचा हिशेब कुठे ठेवायचा?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. मालाबरोबर वह्या भिजल्या, संगणकही गेले. माल पुन्हा भरता येतो; पण कोणाकडे किती उधारी आहे, हे कशावरून सांगायचे?

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी दुकानातल्या संगणकात नाही, तर कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर राहतात. ते विकत घ्यायचे नसते, महिन्याचे किंवा वर्षाचे भाडे भरायचे. कराचे दर बदलले की दुरुस्ती कंपनीच करते. मला मोठा फायदा वेगळाच वाटतो: बी.कॉम. झालेली मुलगी किंवा सून गल्ल्यावर न बसता घरून हिशेब सांभाळू शकते. आखातातला भाऊही तोच हिशेब पाहू शकतो. (पासवर्ड मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा.)

पण भाडे थकले की दार बंद होऊ शकते. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा: सोडून जाताना आमच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी कंपनी पाहा. दर महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह दुकानात ठेवू नका.