वीस मिनिटांची नळी

शेजारची मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेल्या पंधरवड्यात एका रुग्णालयाच्या अपघात विभागात रुजू झाली, आणि पहिली रात्रपाळी आटोपून घरी परतताना वाटेत माझ्याकडे डोकावली, तेव्हा मी पुढे केलेला चहाचा कप तिने हाती धरला खरा, पण बराच वेळ ओठांना लावला नाही. "काकू, सगळे धावत असतात, आणि मी नेमकं कुठे उभं राहायचं तेच मला कळत नाही," ती म्हणाली. मला माझ्या पहिल्या पावसाळ्याची आठवण झाली.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची. कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात माझी नेमणूक झाली ती ऐन लावणीच्या दिवसांत. रुग्ण जीपमधून येत, रिक्षातून येत, आणि जिथे रस्ताच नसे तिथून डोलीत घालून आणले जात. अशाच एका रात्री फुरसे चावलेली एक शेतकरी बाई आली. जांभ्याच्या कातळांत राहणारा हा साप सहसा पुरता हातभरही लांब नसतो, परंतु त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच हिरावून घेते. तिच्या पायाला घरच्यांनी सुंभ करकचून आवळला होता, आणि हिरड्यांतून रक्ताची बारीक रेघ ओठावर उतरत होती. मी सुंभ सोडायला धावले, तोच रात्रीच्या मुख्य परिचारिका, ज्यांना आम्ही सगळ्याजणी नुसते 'बाई' म्हणत असू, त्यांनी माझे मनगट धरले. शिरेत सुई बसल्याशिवाय आणि डॉक्टर शेजारी असल्याशिवाय ती गाठ सोडायची नसते, कारण पायात कोंडलेले विष एकदम अंगभर पसरण्याची भीती असते.

डॉक्टरांनी दोन मिलिलिटर रक्त काढून काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घातले आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटे तिला कोणी स्पर्श करायचा नाही. मग एकदाच तिरपी करायची, आणि रक्त गोठले नसेल तर विष अंगात भिनले असे समजायचे. साबणाने धुतलेली नळी चालत नाही, कारण तिच्यात निरोगी माणसाचे रक्तही फसवे वागते. मृत्यू उंबऱ्याशी आलेला असताना वीस मिनिटे थांबायचे, ही कल्पनाच मला असह्य होत होती, आणि माझा हात पुनःपुन्हा त्या नळीकडे जात होता. "हात लावलास, तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या हाती पेन दिले. सूज जिथवर चढली होती तिथे कातडीवर रेघ ओढून शेजारी वेळ लिही, नाडी मोज, रक्तदाब बघ, लघवीचा रंग बघ, पोलीस चौकीला वर्दी दे, आणि दाराशी थरथरत उभ्या असलेल्या तिच्या मुलाला बाकावर बसव. ती वीस मिनिटे केव्हा सरली ते मला कळले नाही.

नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले.

प्रतिविषाच्या दहा कुप्या काढल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे हे औषध घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते, आणि मोठ्या माणसाला जेवढी मात्रा तेवढीच तान्ह्या मुलालाही द्यावी लागते, कारण सापाने विष माणूस पाहून कमी-अधिक सोडलेले नसते. कुपीत कोरडी भुकटी असते. तिच्यात दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवायची. मी घाईने कुपी खळाखळा हलवली, आणि आत फेसच फेस झाला. बाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली, रागाचा एक शब्द न बोलता दुसरी कुपी तळहातांमध्ये धरली, आणि जात्याच्या पाळीसारखी संथ फिरवीत मला दाखवली. उरलेल्या कुप्या त्यांनी माझ्याच हातून करविल्या. औषध सुरू झाल्यावर अंगावर गांधी उठतात का, थंडी वाजते का, धाप लागते का, हे पाहण्यासाठी अॅड्रेनलिन भरून ठेवलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन मी खाटेशी बसले, आणि बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या.

माझ्या मागे बाई होत्या. काल रात्री या मुलीच्या मागे कोणीही नव्हते. नेमणुकीच्या पहिल्याच पंधरवड्यात तिच्या एकटीवर सारा विभाग सोपवून वडीलधारी परिचारिका दुसऱ्या कक्षात पाठवण्यात आली होती. मनुष्यबळाचा तुटवडा मला ठाऊक आहे. तरीही नव्या मुलीला असे एकटे ठेवणे हा तिच्यावर आणि रुग्णावर दोघांवरही अन्याय आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. कुपी संथ फिरवण्याची ती रीत मीही वहीत लिहून घेतली होती. हाताला ती त्या रात्री कळली.

सहा तासांनी, उजाडता उजाडता, दुसऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतले. या खेपेस नळी तिरपी करायला बाईंनी मला सांगितले. रक्त तळाशी घट्ट बसून राहिले. बाईंनी नोंदवहीत वेळ लिहिली, आणि दिवसपाळीसाठी एक कोरी नळी ट्रेमध्ये ठेवायला सांगून त्या पदर खोचीत पुढच्या खाटेकडे वळल्या.