चारशे व्होल्ट घेऊन करू काय?

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर नवा अ‍ॅम्प घ्यायचाच असं ठरवून बसलो होतो. माझ्याकडे स्टॅक्सचा एसआर-एल३०० आहे आणि त्याच्यासोबत छोटा एसआरएम-२५२एस. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "इलेक्ट्रोस्टॅटिकला हेडरूम लागते रे, मोठा अ‍ॅम्प घे." मोठा म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार! म्हटलं, इंजिनिअरिंगची चार वर्षं काढलीत, आधी जरा आकडेमोड तरी करू.

थोडी थिअरी (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा). साध्या हेडफोनमध्ये कॉइल आणि चुंबक असतं. इथे दोन जाळीदार पत्र्यांमध्ये अतिपातळ पडदा ताणलेला असतो, त्यावर ५८० व्होल्टचा बायस. पत्र्यांवरचं व्होल्टेज बदललं की पडदा हलतो. अ‍ॅम्पच्या दृष्टीने हा हेडफोन म्हणजे जवळजवळ निव्वळ कपॅसिटर, सुमारे ११० पिकोफॅरडचा. त्यामुळे वॅट विसरा, व्होल्ट विचारा.

एल३०० ला १०० व्होल्ट दिले की १०१ डेसिबल आवाज येतो. मी ऐकतो सरासरी ७५ वर. संगीतातले उंचवटे त्याच्या २० डेसिबल वर धरले तर झाले ९५. त्याला लागतात फक्त ५० व्होल्ट! माझा छोटा अ‍ॅम्प २८० देतो, म्हणजे अजून १५ डेसिबल शिल्लकच. एसआरएम-३५३एक्स ४०० देतो. म्हणजे वाढले किती? तीन डेसिबल. दीड महिन्याच्या पगारात तीन डेसिबल!!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल कंजूष माणूस. तुम्ही ८५ च्या सरासरीने ऐकत असाल, वर इक्वलायझरवर खर्ज ८ डेसिबलने चढवला असेल आणि उंचवटा नेमका ढोलाच्या ठोक्यावर आला, तर मागणी ११३ वर जाते. म्हणजे ४०० व्होल्ट. तिथे माझा अ‍ॅम्प कापतो, वाद नाही. शिवाय ते २८० मोजलेत १ किलोहर्ट्झला. तिथे करंट ०.२ मिलिअँपिअरसुद्धा लागत नाही, पण तेवढेच व्होल्ट २० किलोहर्ट्झला द्यायचे तर वीसपट लागतो. मोठ्या अ‍ॅम्पचा खरा फायदा असलाच तर इथे. पण इतक्या वरच्या पट्टीत एवढा जोर असलेलं गाणं मी तरी ऐकत नाही... आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलच देते. ८५ वाल्यांनी अ‍ॅम्पआधी कानांचं बघावं.

असो. खरेदीचा टॅब बंद केला. संध्याकाळी मित्राचा फोन आला, "घेतलास का?" त्याला ५० व्होल्ट सांगितले. म्हणाला, "अरे पण ऐकून तर बघ!"

पुढच्या शनिवारी जातोय त्याच्याकडे. पाकीट मात्र घरी ठेवून.