दिवस मावळण्यापूर्वीचे घावन

डोशाचे पीठ रात्रभर आंबवावे लागते. ज्या घरांत आंबवलेले पीठ चलितरस मानून वर्ज्य केले जाते, तेथे डोशाची हौस बहुधा मनातच राहते. परंतु तांदळाचा पातळ, जाळीदार पदार्थ आंबवल्यावाचूनही उत्तम होतो. कोकणात त्यास घावन म्हणतात. मूडबिद्री आणि कारकळ ही जैन क्षेत्रे ज्या तुळुनाडूत आहेत, तेथे त्याचाच जवळचा आप्त नीर दोसा या नावाने घरोघरी होतो. ‘नीर’ म्हणजे पाणी, आणि या पदार्थाचे सारे मर्म त्या पाण्यातच आहे. डोशाची जाळी आंबण्यातून निघणाऱ्या वायूची असते. घावनाची जाळी तापलेल्या तव्यावर पाण्याची एकाएकी वाफ झाल्याने पडते.

कोकणात धुऊन वाळवलेल्या तांदळाचे पीठ कालवूनही घावने करतात. मात्र दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस मानली जाते. ती पाळणाऱ्यांस तांदूळ त्याच दिवशी भिजवून वाटणे अधिक सोयीचे.

त्यासाठी जुना कोलम तांदूळ घ्यावा. नवा तांदूळ चिकट होतो. दोन वाट्या तांदूळ निवडून, धुऊन, गाळलेल्या पाण्यात चार तास भिजवावा. पाणी निथळून वाटीभर ओल्या खोबऱ्यासह गंधासारखा मऊ वाटावा. किंचितही रवाळ राहिल्यास घावन तव्यावरच तुटते. चवीपुरते मीठ घालून पीठ ताकाइतके पातळ करावे.

तवा शक्यतो बिडाचा असावा. तव्यास तेल लावण्यासाठी अनेक घरांत कांद्याची फोड वापरतात. कांदा वर्ज्य असेल तेथे नारळाची स्वच्छ शेंडी तेच काम चोख करते. तवा इतका तापवावा की पाण्याचा थेंब पडताच तडतडून नाहीसा व्हावा. तांदूळ तळाशी बसत असल्यामुळे प्रत्येक वेळी पीठ ढवळूनच पळी भरावी. ते कडेकडून मध्याकडे ओतावे. पळीने पसरू नये, कारण पसरताच जाळी मोडते. वर झाकण ठेवून मिनिटभराने कडा सुटू लागल्या की घावन न उलटता चौघडी घालून काढावे. जाळी न पडल्यास तवा निवला आहे असे समजावे. घावन जाड व चिवट झाल्यास पिठात थोडे पाणी वाढवावे. उचलताना फाटल्यास पाणी अधिक झाले आहे, तेव्हा चमचाभर तांदळाचे पीठ मिसळावे.

येथवरची कृती हाताला लवकर साधते. अधिक विचार हवा तो वेळेचा. या प्रमाणात सुमारे वीस घावने होतात, आणि एका तव्यावर एकास दोन मिनिटे धरली तरी चाळीस मिनिटे लागतात. गरम वाढण्याच्या आग्रहाने गृहिणी चुलीपाशी उभी राहते, सर्वांची पाने उठतात, आणि तिचे पान मांडेपर्यंत सूर्य अस्ताला गेलेला असतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घरांत अशा सायंकाळी तिला निमूटपणे उपाशी निजावे लागते, आणि पुष्कळदा हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय घावनाच्या गुणातच आहे. ते निवले तरी मऊ राहते. म्हणून दुपारी बाराला तांदूळ भिजवावे, चारला वाटावे आणि साडेचारला दोन तवे चढवावेत. एक तवा घरातील दुसऱ्या कोणी सांभाळावा. उतरलेली घावने स्वच्छ वस्त्रावर सुटी पसरावीत, वाफ जिरल्यावरच एकावर एक रचावीत, म्हणजे ती परस्परांस चिकटत नाहीत. हिवाळ्यातही पाच-सव्वापाचला सर्वांची पाने एकदम मांडता येतात.

सोबत नारळाच्या दुधात गूळ विरघळवून, वेलदोड्याची पूड घातलेला रस द्यावा. तिखट हवे असल्यास खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची व लिंबू यांची चटणी पुरे. पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावयाचे नसल्याने तांदूळ मोजताना खाणारी माणसे आधी मोजावीत, आणि त्या मोजणीत करणारीही धरावी.