फुगून बसलेलं पिल्लू

कॉकाटील या पाळीव पोपटाचं पिल्लू पिसं फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलं, श्वासागणिक शेपटी खालीवर हलू लागली, तर ‘थंडी वाजत असेल’ म्हणून उद्यावर ढकलू नका. पक्षी दुखणं शेवटपर्यंत लपवतो; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसत्या बियांवर त्याला ‘अ’ जीवनसत्त्व पुरत नाही. किसलेलं गाजर, कोथिंबीर द्या. अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा वायू त्याचा जीव घेतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. चावलं तर ओरडू नका; बहुतेकदा ती भीती असते. हात स्थिर ठेवा, विश्वास बसू द्या. आणि आपला रानातला हिरवा पोपट? १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे. त्याचं घर झाडाच्या ढोलीतच शोभतं.